पेलाभर दुधातले ऊन

दुधाच्या पिशवीवरील ‘+एफ’ हे चिन्ह अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळल्याचे सांगते. किती, ते मागच्या बारीक अक्षरांत शोधावे लागते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार अशा दुधात लिटरमागे ड जीवनसत्त्व ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम असते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात १ ते १.५. प्रौढांसाठी २०२० मध्ये शिफारस झालेली मात्रा मात्र दिवसाला १५ मायक्रोग्रॅम. पेलाभर दूध तिचा फार तर दहावा हिस्सा भरून काढते. चहापुरतेच दूध येणाऱ्या घरात तेवढाही नाही. फिनलंडचा दाखला हमखास दिला जातो. तेथे २०१० पासून ही मात्रा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि तेथील लोक दूध पितातही भरपूर.

उन्हाच्या देशात ही उसनवारी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्वचेत हे जीवनसत्त्व घडवतात ते साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्यांना ओझोनच्या थरातून तिरपा, लांबचा प्रवास करावा लागतो आणि ते बहुतांशी वाटेतच शोषले जातात. बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची प्रेमळ रीत म्हणूनच या कामी फारशी उपयोगी नाही. खिडकीच्या काचेआडचे ऊन तर जवळजवळ निरुपयोगीच. त्यात दिल्लीसारखे धुरकट आकाश आणि दिवसभर छताखालचे काम यांची भर पडते.

तेव्हा अन्नातून पुरवठा हवाच. पण त्यासाठी दुधापेक्षा तेल अधिक योग्य. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते, आणि फोडणीला तेल लागत नाही असे घर विरळा. नियमांतील मात्रा तेलाच्या ग्रॅममागे ०.११ ते ०.१६ मायक्रोग्रॅम आहे. रोजच्या २५ ग्रॅम तेलातून २.७५ ते ४ मायक्रोग्रॅम मिळू शकते. आचेवर काही अंश नष्ट होईल, तरी हिशेब दुधापेक्षा सरसच. बिस्किटांच्या पुड्यावर ड जीवनसत्त्वाची जाहिरात करणे हा मात्र साखरेला दिलेला सभ्य मुखवटा आहे.

सक्ती केल्यास अतिसेवन होईल, हा आक्षेप गंभीर असला तरी त्याचा रोख चुकतो. औषधांच्या दुकानांत सर्रास मिळणाऱ्या ६०,००० युनिटांच्या एका पुडीत १,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे शिफारशीच्या हिशेबाने शंभर दिवसांची मात्रा असते. डॉक्टरांना न विचारता ती आठवडेच्या आठवडे घेतली, तर रक्तातील कॅल्शियम घातक पातळीपर्यंत चढू शकते. तेवढी मात्रा तेलातून मिळवायची, तर सर्वाधिक प्रमाण धरूनही नऊ किलोंहून अधिक तेल पोटात जावे लागेल.