ग्रुप असाइनमेंट नक्की कोणी लिहिली? गुगल डॉक्सची हिस्ट्री काय सांगते, काय नाही

समजा, भालचंद्र नेमाडेंच्या ‘कोसला’वर चौघांनी मिळून निबंध लिहायचाय. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी गुगल डॉक्सची लिंक टाकतं. सबमिशनच्या आदल्या रात्री एकच मुलगी जागून सगळं टाइप करते आणि मार्क चौघांना सारखेच पडतात. हे दुखणं जुनंच आहे. आता त्यात एक नवा प्रश्न आलाय: हे तुम्ही लिहिलंय की एआयने?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. एआयचा मजकूर ओळखणारं टूल ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि अचूकता कमी पडते म्हणून जुलैत बंदही केलं. नुसता तयार निबंध वाचून खात्रीने काही सांगता येत नाही, हे त्यातून दिसलं. मग निबंध कसा घडत गेला, हे पाहणं आलं. तिथे व्हर्जन हिस्ट्री कामाला येते.

हिस्ट्रीत काय दिसतं?

कम्प्युटरवर डॉक उघडून फाइल मेनूमधून व्हर्जन हिस्ट्रीत जा. कोणी, कधी, काय बदललं ते प्रत्येकाच्या वेगळ्या रंगात दिसतं. दोन तासांत हळूहळू वाढलेला परिच्छेद आणि एका झटक्यात पेस्ट केलेली दोन पानं यांतला फरक लगेच कळतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. फक्त व्ह्यू परवानगी असलेल्याला हिस्ट्री दिसत नाही. आणि लॉगिन न करता केलेले बदल तुमच्या नावावर जमा होत नाहीत.

काय दिसत नाही?

कोणी वहीत कच्चं लिहून मग टाइप केलं, कोणी फोनच्या नोट्समध्ये लिहून पेस्ट केलं, तर प्रामाणिक मुलगाही संशयित वाटतो. ग्रुपमध्ये एकाकडेच लॅपटॉप असेल तर सगळं काम त्याच्याच नावावर दिसतं. उलट, एआयचं उत्तर बघून बघून हाताने टाइप करणारा साळसूद ठरतो! म्हणून हिस्ट्री हा पुरावा नाही, फार तर एक धागा आहे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज गिट वापरतो. कोडची कुठली ओळ कोणी लिहिली, ते त्यात दिसतं. पण ओळी मोजून कोणी चांगला इंजिनिअर ठरवत नाही. कधीकधी ‘हे इथे चुकतंय’ असं सांगणारी एक कमेंट शंभर ओळींपेक्षा मोलाची असते.

साहित्यावर लिहिताना तर हे जास्तच लागू होतं. एकाने लिहिलं, ‘शेवटी पांडुरंग गावी परततो, म्हणजे तो हरला.’ दुसरीने कमेंट टाकली, ‘हरला कशावरून? पान दाखव.’ पहिल्याने पुस्तक पुन्हा उघडलं आणि वाक्य बदललं. निबंधाचं खरं काम इथे झालं. पण शब्द मोजले तर तिच्या नावावर जवळपास शून्य!

मग काय करायचं?

- प्रत्येकाने स्वतःच्या अकाउंटवरून लिहा, फोनवरून असलं तरी चालेल.
- मित्राचं वाक्य थेट खोडू नका. सजेशन मोड वापरा आणि कारण कमेंटमध्ये द्या.
- वहीत कच्चं लिहिलं असेल तर त्याचा फोटो डॉकमध्येच टाका.
- महत्त्वाच्या टप्प्यावर व्हर्जनला नाव द्या. जुने बदल कधीकधी एकत्र केले जातात, म्हणून हे गरजेचं.

शिक्षकांनाही एक विनंती. हिस्ट्री बघून शंका आली, तर मार्क कापण्याआधी त्या विद्यार्थ्याला पाच मिनिटं बसवून विचारा, ‘हे वाक्य का बदललंस?’ ज्याने पुस्तक वाचलंय तो बोलायला लागेल. ज्याने नाही वाचलं, त्याचं काय ते तुम्हाला तिथेच कळेल.