पिकअपला पिकअप नाही!

मराठीत एक गंमत आहे. मागे उघडा हौदा असलेली गाडी म्हणजे पिकअप, आणि पाय दाबल्यावर गाडी ज्या जोराने उचलते तोही पिकअपच. त्यामुळे 'माझ्या पिकअपला पिकअप नाही' हे वाक्य आपल्याकडे अगदी रीतसर मराठी ठरतं. :-)

इसुझूची व्ही-क्रॉस भारतात आली २०१६ साली, टोयोटाची हायलक्स २०२२ साली. शेतमाल वाहण्याऐवजी हौसेने पिकअप घेणारी मंडळी तेव्हापासून शहरातही दिसायला लागली. आणि त्यांची एक ठरलेली तक्रार असते. ओव्हरटेक करायला पाय दाबावा, तर गाडी आधी विचारात पडते. एक... दीड... आणि मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखी सुटते. ही मधली विचारात पडलेली वेळ कशी घालवायची?

बाजारात याला तीन उत्तरं मिळतात. एक, पेडलच्या वायरमध्ये बसणारी छोटी डबी. दोन, ईसीयूचं रिमॅपिंग. तीन, ईजीआर आणि डीपीएफ 'उडवून टाकणं'. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिलं उत्तर बरंचसं भास आहे, दुसरं ज्याचं त्याने जोखीम ओळखून घ्यावं, आणि तिसरं सरळसरळ दुसऱ्याच्या फुफ्फुसावर डल्ला आहे. खरे उपाय स्वस्त आणि कंटाळवाणे आहेत, म्हणून त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

आपल्या धंद्यात 'सर्व्हर स्लो आहे' अशी तक्रार आली की शहाणा माणूस लगेच नवा सर्व्हर मागवत नाही. विनंती कुठून निघाली, कुठे किती वेळ अडकली, हे आधी बघतो. तेच इथे करू या.

पेट्रोल इंजिनात पाय दाबला की हवेची झडप उघडते, म्हणून 'थ्रॉटल'. डिझेलमध्ये ताकद ठरते ती किती डिझेल सोडलं त्यावर. आजच्या डिझेलमध्येही हवेच्या वाटेवर झडप असते, पण तिची कामं वेगळी. तुमच्या पायाखालचं पेडल म्हणजे नुसता सेन्सर. तो ईसीयूला सांगतो, 'साहेबांना अमुक टक्के हवंय.' ही झाली विनंती. ती किती मान्य करायची, हे ईसीयू ठरवतो.

आणि ठरवताना तो बघतो की सिलिंडरमध्ये हवा किती येतेय. हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं तर ते नीट जळत नाही, मागून काळा धूर निघतो. म्हणून त्याच्या प्रोग्रॅममध्ये धुराची मर्यादा घातलेली असते. हवा नाही, तर डिझेल नाही. आता हवा वाढवायची तर टर्बो फिरायला हवा. टर्बो फिरवायला एक्झॉस्टचा जोर हवा. जोर यायला डिझेल जळायला हवं. आणि डिझेल जळायला... हवा! कोंबडी आधी की अंडं आधी, त्यातला प्रकार. टर्बोला मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात पोचायचं असतं आणि त्याच्या चाकाला वजन असतं. तो वेळ घेणारच.

म्हणजे उशीर दोन जागी आहे. थोडा पेडलच्या मॅपमध्ये: गाडी धक्के न देता चालावी म्हणून कंपनीने मुद्दाम ठेवलेला मऊपणा. आणि बराचसा हवेत.

आता डबीकडे या. ती पेडल आणि ईसीयू यांच्यामध्ये बसते. तुम्ही ३० टक्के दाबलं की ती पुढे ५० सांगते. बस्स, एवढंच. माऊसच्या पॉइंटरचा वेग वाढवल्यावर कॉम्प्युटर जलद झाल्यासारखा वाटतो ना, तसं. पेडल पूर्ण दाबलं की १०० चे १०० च राहतात, तिथे डबीच्या हातात फारसं काही नाही. खात्री करायची तर मोकळ्या रस्त्यावर, एकाच गियरमध्ये, पेडल तळाला लावून ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते डबीसकट आणि डबीशिवाय मोजा. घड्याळ शेजारच्याच्या हातात द्या. फरक पायाला जाणवला होता तेवढा घड्याळाला जाणवणार नाही.

डबी वाईट आहे असं मी म्हणत नाही. मऊ पेडलचा कंटाळा आला असेल तर तेवढ्यापुरती ती बरी. पण चिखलात किंवा दगडांवरून मुंगीच्या पावलाने गाडी काढायची असते, तेव्हा हाच मऊपणा कामाला येतो. तो तुम्ही पैसे देऊन घालवता, एवढं लक्षात असू द्या.

हवेचा उशीर खरोखर कमी करायचा तर काय करावं लागतं, हे बघण्यासारखं आहे. व्हॉल्वोने २०१६ मध्ये आपल्या डिझेलमध्ये दोन लिटरची हवेची टाकी बसवली. पाय दाबला की तिच्यातली दाबाखालची हवा एक्झॉस्टच्या वाटेत सोडून टर्बोला ढकलायचं. त्याच वर्षी ऑडीने एसक्यू७ मध्ये ४८ व्होल्टवर चालणारा विजेचा कॉम्प्रेसर दिला, जो पाव सेकंदात मिनिटाला ७० हजार फेऱ्यांपर्यंत जायचा. टाकी, मोटर, वेगळी बॅटरी... एवढा खटाटोप एका सेकंदासाठी. हे काम दोन वायरच्या डबीने होत असतं तर त्यांनी केलं नसतं का?

रिमॅपिंगने खरा फरक पडू शकतो, कारण तिथे डिझेल आणि बूस्ट दोन्हींचे आकडे बदलतात. पण वाढलेला ताण क्लच, गियरबॉक्स आणि टर्बोवर जातो, वॉरंटीचा प्रश्न येतो. आणि 'एकदम झटपट' वाटावं म्हणून कुणी धुराचीच मर्यादा सैल केली, तर तो झटपटपणा मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकातून वसूल होतो.

तिसऱ्या उपायाबद्दल मात्र मला राग आहे. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. डिझेल मोटारींना काजळीची मर्यादा किलोमीटरला ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ वर आली. ही मर्यादा पाळायला बसवलेला फिल्टर म्हणजे डीपीएफ. तोच काढून टाकायचा? डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच 'माणसात कर्करोग घडवणारा' या पहिल्या गटात टाकलं आहे. अमेरिकेत हे किती पसरलं होतं याचा अंदाज तिथल्या पर्यावरण खात्याने २०२० च्या अहवालात दिला. दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपवरची ही यंत्रणा काढली गेली होती, आणि त्यामुळे वाढलेलं प्रदूषण म्हणजे रस्त्यावर आणखी ९० लाख पिकअप आल्यासारखं. 'माझ्या एकट्याच्या गाडीने काय होतंय' असं म्हणणाऱ्यांची ही बेरीज आहे.

मग करायचं काय? आधी जिथे अडलंय ते मोकळं करा. एअर फिल्टर तुंबलाय का? टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या पाइपांचे क्लॅम्प सैल आहेत का? (जोडाजवळ तेलकट डाग आणि जोर लावताना फुस्स असा आवाज, ही खूण.) हवा मोजणारा सेन्सर मळलाय का? ईजीआरची झडप किंवा टर्बोची पाती हलवणारा दांडा काजळीने अडकतोय का? गाडी आधी चांगली होती आणि आता मंद झाली असेल, तर उत्तर बहुतेक इथेच सापडतं.

मग टायर. हायलक्सचा मूळचा २६५/६० आर१८ टायर साधारण ७७५ मिलिमीटर उंच. त्याजागी ३३ इंची घातला की उंची ८ टक्के वाढते, आणि तेवढाच चाकाचा रेटा कमी होतो. वर टायरचं वजन वाढतं ते वेगळंच. आधी हौसेने गाडी जड करायची आणि मग ती हलकी वाटावी म्हणून डबी घ्यायची, हा उलटा कारभार झाला.

शेवटचा उपाय फुकट आहे, गियर. व्ही-क्रॉसच्या १.९ लिटर इंजिनाचा ३६० न्यूटन मीटर टॉर्क मिळतो २००० ते २५०० आरपीएमला. खंबाटकी चढताना चौथ्या गियरमध्ये १३०० वर पाय दाबून 'उचलत नाही' म्हणण्यात अर्थ नाही. ओव्हरटेक करण्याआधी एक गियर खाली या, टर्बो जागा होऊ द्या, मग बाहेर निघा. बूट होण्याआधी मशीनवर लोड टाकायचा नसतो, हे आपल्याला का कुणी वेगळं सांगायला हवं?

थोडक्यात काय, पाय दाबल्यावर ईसीयू जो क्षणभर थांबतो, त्यातला मोठा भाग तो हवेची वाट बघत असतो, म्हणजे मागच्यावर धूर सोडायचं टाळत असतो. तेवढा संयम मशीनला शिकवायला माणसांना बरीच वर्षं लागली. तो विकत घेऊन घालवू नये, असं मला वाटतं.

असो. रविवार संपत आला. एअर फिल्टर तेवढा बघून घ्या!