लगतदाराला नोटीस हवीच

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. हद्द कायम मोजणीचा अर्ज आला की पहिलं काम नोटिसांचं. अर्जदाराला एक आणि चारी बाजूंच्या लगतदारांना एकेक. जमीन वीस गुंठे असली तरी. लगतदार बांधावर आला तर त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं. नोटीस मिळूनही आला नाही, तर मोजणी सुरू करायची. त्याच्यावाचून काम अडत नसे, पण ‘मला कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणायची सोयही त्याला उरत नसे.

निवृत्तीनंतर शहरात राहायला आलो आणि बघतो तर इथे बांधकामाची रीतच वेगळी. आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एक जुना बंगला पाडला, तळघरासाठी खोदाई सुरू झाली, आणि आम्हाला ते कळलं पोकलेनच्या आवाजानं. चौकशी केली, तर सगळं कायदेशीर. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तरी कलम ३७ नुसार राजपत्रात सूचना द्यावी लागते, महिनाभर हरकती मागवाव्या लागतात. कलम ४४ खाली बांधकामाचा अर्ज आला, तर मात्र शेजाऱ्याला कळवण्याची सक्ती नाही.

त्याहून मला खटकतं ते सवलतींचं प्रकरण. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत, अडचण दाखवून दिली तर सामासिक अंतरासारख्या मापांत आयुक्त सूट देऊ शकतात. अट अशी, की इमारतीतल्या आणि आसपासच्या लोकांच्या आरोग्याला, सुरक्षिततेला बाधा येता कामा नये. आता ही बाधा ठरवायची कशी? फाइलवर अर्जदाराच्या वास्तुविशारदाची सही असते. शेजारी त्या फाइलमध्ये कुठेच नसतो.

आणि शेजाऱ्याला पुष्कळ माहीत असतं. आमच्याच गल्लीत एक आजी आहेत. त्या बंगल्याच्या मागच्या अंगाला विहीर होती आणि ती राडारोडा टाकून बुजवली, हे त्यांना पक्कं आठवतं. बुजवलेल्या विहिरीशेजारी खोल खोदायचं म्हणजे काय, हे कुठल्याही मुकादमाला विचारा.

बिल्डर मंडळी म्हणतील, नोटीस दिली की शेजारी अडवणूक करणार, पैसे मागणार. मागतील काही जण. बांधावर मीही असले इरसाल गडी पाहिलेत, मोजणीची साखळी पायाखाली दाबून उभे राहणारे. पण लगतदाराला नकाराधिकार कधीच नव्हता. हरकत नोंदवली जायची आणि मोजणी पुढे जायची. इंग्लंडमध्ये नगररचनेच्या अर्जाची सूचना जागेवर लावतात किंवा लगतच्या मालकाला पत्र पाठवतात, आणि म्हणणं मांडायला २१ दिवस देतात. तिथे घरं बांधायची थांबलेली नाहीत.

सरसकट प्रत्येक अर्जाला नोटीस लावा, असं मी म्हणत नाही. घरावर पत्रा टाकणाऱ्याला कशाला त्रास? पण तळघर खोदायचं असेल किंवा सामासिक अंतरात सूट हवी असेल, तर मंजुरीच्या १५ दिवस आधी लगतच्या घरांना मराठीत एक पान द्यावं: किती खोल, भिंतीपासून किती लांब, किती मजले, हरकत कुठे द्यायची. हरकत फेटाळायची तर कारण लिहून फेटाळावी. खर्च अर्जदाराकडून घ्यावा. पत्ते मिळत नाहीत ही सबब तर महापालिकेनं सांगूच नये. मिळकतकराचं बिल दरवर्षी बरोबर आमच्या दारात पडतं.