खंडेनवमीचे फूल आणि वर्षभराची धूळ

पिंपळे सौदागरमधील कोणत्याही मोठ्या गृहसंकुलात एखाद्या परक्या माणसाने पाऊल टाकून पाहावे. प्रवेशद्वारावरील रखवालदार त्याला अडवतो, नाव विचारतो, वहीत वाहनाचा क्रमांक लिहून घेतो, ज्या घरी जायचे त्या घरी विचारणा करतो आणि होकार आल्यावरच अडसर वर उचलतो. याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. उलट या पहाऱ्यासाठी दरमहा पैसे भरले जातात आणि त्यात हयगय झाली तर सर्वसाधारण सभेत सचिवांना धारेवर धरले जाते. आता त्याच संकुलातील आठव्या मजल्यावरच्या सदनिकेत चला. दूरचित्रवाणी संचाच्या मागे, वायरींच्या गुंत्यात, एक छोटी पेटी लुकलुकत असते. साऱ्या जगाला त्या घराचा हाच दरवाजा आहे आणि तो चोवीस तास कोणी ना कोणी ठोठावीत असते. तेथे रखवालदार कोण? कोण आले, कोण गेले, याची वही कोठे? बहुतेक घरांत या प्रश्नाला उत्तर नसते. जोडणी करून देणारा मुलगा जो परवलीचा शब्द ठेवून गेला, तोच आजही कायम असतो.

हे एखाद्या दुर्गम पाड्यावरचे दृश्य असते तर ते क्षम्य मानता आले असते. परंतु पवनाकाठचे हे गाव आज माहिती तंत्रज्ञानावर जगणाऱ्यांची वसाहत आहे. येथून रोज सकाळी हिंजवडीकडे जाणाऱ्या अभियंत्यांपैकी कित्येकांचा व्यवसायच मुळी संगणकजाळ्यांच्या रक्षणाचा. लंडनमधील बँकेच्या दारात मध्यरात्री कोण घुटमळले हे त्यांना ठाऊक असते, पण स्वतःच्या घराच्या दारात कोण उभे आहे हे ठाऊक नसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा काय असणार?

खंडेनवमीला हीच मंडळी संगणकाला हळदकुंकू लावतात, झेंडूचे फूल वाहतात. प्रथा उत्तमच आहे. परंतु आपल्या पूर्वजांनी शस्त्रपूजनाचा दिवस नेमला तो शस्त्रे घासूनपुसून, धार लावून सज्ज ठेवण्यासाठी. एक दिवस फूल आणि उरलेले वर्ष धूळ, याला पूजा म्हणता येत नाही.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे काय आहे?’

हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यामागे एक भाबडी कल्पना आहे की, हल्लेखोर आधी घर निवडतो आणि मग चाल करतो. प्रत्यक्षात तो काहीच निवडत नाही. त्याचे यंत्र जगातील एकेका पत्त्यावर जाऊन दाराची कडी हलवून पाहते आणि जे दार उघडते ते त्याचे होते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या दुष्ट आज्ञावलीने नेमके हेच केले. घराघरांतील राऊटर, कॅमेरे आणि चित्रीकरण साठवणाऱ्या पेट्या यांच्यावर तिने कारखान्यातून आलेल्या परवलीच्या शब्दांची एक छोटीशी यादी चालवून पाहिली. त्या यादीत जेमतेम साठ-बासष्ट जोड्या होत्या. तेवढ्या बळावर लाखो उपकरणे तिची गुलाम झाली आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या फौजेच्या माऱ्याने अमेरिकेतील नामांकित संकेतस्थळे तासन्तास ठप्प झाली. ही आज्ञावली लिहिणारे कोणा शत्रुराष्ट्राचे हेर नव्हते, महाविद्यालयीन वयाची अमेरिकन मुले होती. पोरांना जे साधले ते शत्रुराष्ट्राच्या सेनेला साधणार नाही काय? २०१८ साली ‘व्हीपीएनफिल्टर’ या आज्ञावलीने पन्नासहून अधिक देशांतील पाच लाखांच्या आसपास राऊटर बाधित केल्याचे उघड झाले, तेव्हा त्यामागे रशियन लष्करी हेरखात्याशी संबंधित गट असल्याचे अमेरिकी यंत्रणांनी सांगितले.

तेव्हा प्रश्न आपल्या घरात चोरण्यासारखे काय आहे हा नाहीच. आपले घर कोणाच्या हातचे शस्त्र होणार, हा आहे. आपला कॅमेरा उद्या आपल्याच देशातील एखाद्या रुग्णालयावरील हल्ल्यात सामील झाला, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर नागरिकाला शोभेल काय?

आणि चोरण्यासारखे काही नाही, हेही खरे नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हिंजवडीतील कार्यालये रातोरात पिंपळे सौदागर, वाकड, रहाटणीच्या शयनगृहांत आली. तेव्हापासून अनेकांच्या घरातील मेज हेच कार्यालय झाले आहे. भोसरी-चाकण पट्ट्यातील लघुउद्योजक रात्री घरी बसून देयके करतो, सुट्या भागांचे आराखडे पाहतो. त्याच जाळ्यावर मुलाचा खेळ चालतो, स्वस्तात घेतलेला कॅमेरा चालतो आणि कधीही अद्ययावत न केलेला दूरचित्रवाणी संचही चालतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला तेथे दारच नाही.

चाकणचा धडा

ज्या चाकणला आज मोटारींचे कारखाने आहेत, तेथेच संग्रामदुर्ग आहे. १६६० साली शाहिस्तेखानाच्या अफाट सैन्यापुढे फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर मावळ्यांनिशी तो भुईकोट सुमारे पन्नास-पंचावन्न दिवस झुंजवला. खानाला दरवाजा फोडता आला नाही. अखेरीस त्याने भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग पेरला आणि बुरूज उडवला. तट कितीही भक्कम असला तरी शत्रू तटाखालून येऊ शकतो, हा त्या मातीचा धडा आहे. आपल्या घरातील स्थिती त्याहून वाईट. आपण भुयार स्वतःच खणून देतो. अनेक राऊटरांत ‘यूपीएनपी’ नावाची सोय चालू स्थितीत येते. तिच्यामुळे घरातील कोणतेही उपकरण कोणालाही न विचारता बाहेरच्यासाठी दार उघडू शकते. संकुलाचे चित्रीकरण अध्यक्षांना मोबाईलवर दिसावे म्हणून मुद्दाम उघडून ठेवलेले पोर्ट ही दुसरी चोरदिंडी. फिरंगोजींना निदान वेढा पडला आहे हे ठाऊक होते!

तटबंदी कशी बांधावी

उपाय महाग नाही. घरातील जुना संगणक वा छोटा ‘मिनी पीसी’ घ्यावा. त्याला दोन नेटवर्क कार्डे हवीत, एक बाहेरच्या जोडणीसाठी आणि दुसरे घरासाठी. त्यावर ओपीएनसेन्स, पीएफसेन्स वा आयपीफायर यांपैकी एखादी विनामूल्य प्रणाली बसवावी. पुरवठादाराच्या पेटीला शक्य असेल तर ‘ब्रिज’ पद्धतीत टाकावे, म्हणजे ती केवळ पुलाचे काम करील आणि पहाऱ्याचे काम आपल्या फायरवॉलकडे येईल. जुना राऊटर वाय-फाय देण्यापुरता वापरता येतो. विजेचा विचारही करावा. सत्तर वॅट खाणारा जुना संगणक अहोरात्र चालवला तर महिन्याला सुमारे पन्नास युनिट जातात, तर पंधरा वॅटचा मिनी पीसी अकराच्या आत भागवतो. हेही नको असेल तर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालू शकणारा राऊटर घ्यावा. त्यानेही बरेच साधते.

नियम मोजकेच, पण ठाम असावेत. बाहेरून आपणहून येणारे सारे नाकारावे. प्रणालीचे नियंत्रणपान बाहेरून उघडता कामा नये. यूपीएनपी बंद असावे. कॅमेरे, दूरचित्रवाणी संच आणि पाहुण्यांचे मोबाईल यांच्यासाठी वेगळे जाळे असावे आणि त्यातून कामाच्या संगणकाकडे वाट नसावी. त्यासाठी तिसरे नेटवर्क कार्ड वा अनेक जाळी हाताळणारे वाय-फाय उपकरण लागते. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या पद्धतीत सारे घर एका पत्त्याआड लपत असे. नव्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र जागतिक पत्ता मिळू शकतो, तेव्हा तो आडोसा राहत नाही आणि नियमांचा तट दोन्ही पद्धतींसाठी उभारावा लागतो.

स्वदेशी म्हणजे काय?

जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. २९ जून रोजी शासनाने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. अनेकांनी ती मोबाईलमधून काढून टाकली आणि कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मानले. पण भिंतीवरचा कॅमेरा? तो कोठे बनला, त्यातील आज्ञावली कोणाच्या हुकमतीत आहे, तो रात्री कोणत्या देशाशी बोलतो, हे किती जणांनी पाहिले? सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची सुरक्षाचाचणी शासनाने एप्रिल २०२५ पासून बंधनकारक केली, हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ते नव्या विक्रीपुरते. आधीच भिंतीवर बसलेला कॅमेरा शासन येऊन उतरवणार नाही. तो कोणाशी बोलतो हे केवळ आपली फायरवॉल सांगू शकते, आणि ते बोलणे तोडूही शकते.

यावर एक चतुर आक्षेप येतो. ‘तुमच्या या फायरवॉलच्या प्रणाल्याही परदेशीच ना?’ होय, त्यांचा उगम परदेशी आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली ती अमेरिकेने महासंगणक देण्यात खोडा घातल्यानंतर. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातील ट्रान्सप्युटर चिप ब्रिटिश बनावटीच्या होत्या. म्हणून ‘परम’ परदेशी ठरतो काय? मुळीच नाही. त्याची रचना आपली होती, त्यावरील प्रभुत्व आपले होते. स्वदेशी म्हणजे केवळ खोक्यावरचा शिक्का नव्हे. ज्या साधनाचे अंतरंग आपण उघडून पाहू शकतो, दुरुस्त करू शकतो, ज्याची किल्ली आपल्या कमरेला आहे, ते साधन स्वाधीन. आणि स्वाधीनता हाच स्वदेशीचा गाभा. मुक्त प्रणालीची संहिता वाचता येते. या कसोटीवर भारतीय शिक्का मारलेली, पण आतून बंद आणि कधीही अद्ययावत न होणारी पेटीही नापास होते. हे आपल्या उत्पादकांनीही ऐकून ठेवावे.

बांधणे सोपे, राखणे कठीण

आपल्या समाजाचा खरा दोष पुढेच आहे. उद्घाटनाचा उत्साह आपल्याकडे उदंड आहे, देखभालीचा नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांत संगणक ओलीस धरले. त्या छिद्रावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिलेला होता. दोन महिने तो न लावणाऱ्यांनी किंमत मोजली. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, युक्रेनवर रोखलेल्या ‘नॉटपेट्या’चा घाव थेट आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलला लागला आणि तेथील कामकाज कोलमडले. दूरच्या युद्धाचे बाण असे आपल्या अंगणात पडतात.

म्हणून महिन्यातील एक रविवार सकाळ नेमावी. तासभर पुरतो. प्रणाली अद्ययावत करावी. बदललेल्या मांडणीची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. नोंदी वाचाव्यात. कोणते उपकरण अवेळी, अनोळखी ठिकाणी बोलले हे पाहावे. नको असलेला नियम काढून टाकावा. ज्या प्रणालीचे वा राऊटरचे अद्ययावतीकरण निर्मात्याने थांबवले असेल, ते साधन निवृत्त करावे.

शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनोबत या तिघांत विभागलेला असे, तो एका हाती नसे. घरातही हेच तत्त्व हवे. सारे काही जाणणारा मुलगा सहा महिन्यांसाठी परदेशी गेला आणि इकडे जोडणी बंद पडली, तर आजीआजोबांनी करावे काय? कोणती वायर कोठे, बिघाड झाल्यास काय करायचे, हे मराठीत एका वहीत लिहून ठेवावे आणि घरातील आणखी एका व्यक्तीला, सुनेला, मुलीला, शिकवावे. पहारा म्हणजे मात्र घरच्यांवर हेरगिरी नव्हे. फायरवॉलच्या नोंदी कर्त्या पुरुषाने सुनेचा मोबाईल कोणाशी बोलतो हे पाहण्यासाठी वापरल्या, तर तो रक्षक राहिला नाही. काय नोंदले जाते हे घरातील प्रत्येकाला माहीत असावे.

फायरवॉल सर्वरोगहारी नाही, हेही सांगितले पाहिजे. पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्या भामट्याला आपणच दूरध्वनीवरून पैसे पाठवले, तर कोणताही तट वाचवणार नाही. अशा वेळी तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. मोबाईल स्वतःच्या जोडणीवर गेला की तो तटाबाहेर असतो. सर्ट-इनने २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले, पण केंद्र झाले म्हणून आपले अंगण आपोआप झाडले जात नाही.

पिंपळे सौदागरच्या एकेका संकुलात या विषयाचे जाणकार डझनांनी सापडतील. त्यांनी आपल्या मजल्यावरील चार घरांची जबाबदारी घेतली, जुना संगणक भंगारात न देता शेजाऱ्याच्या दारात पहारेकरी म्हणून उभा केला, तर या कामासाठी ना निधी लागेल, ना शासननिर्णय. सीमेवरचा जवान आपली चौकी रोज तपासतो. आपल्याकडे मागणी महिन्यातील एका तासाची आहे. येत्या खंडेनवमीला संगणकाला फूल अवश्य वाहावे. पण त्याआधी दूरचित्रवाणी संचामागची ती पेटी बाहेर काढावी, तिच्यावरची धूळ पुसावी आणि तिचा परवलीचा शब्द बदलावा.