विश्लेषण : विद्यापीठातील राष्ट्रीय सुरक्षा केंद्रात नेमके काय चालते? भारतीय विद्यार्थ्यांसाठी कोणती दारे उघडी?

राष्ट्रीय सुरक्षा म्हटले की बंद खोल्या, 'अतिगोपनीय' शिक्क्याच्या फायली आणि गणवेशातील अधिकारी डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेतील काही विद्यापीठांत मात्र या विषयाची संशोधन केंद्रे आहेत आणि तेथे पदवीचे विद्यार्थीही काम करतात. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे 'सेंटर फॉर इंटरनॅशनल सिक्युरिटी अँड कोऑपरेशन' ऊर्फ 'सिसॅक' हे त्यांतील ठळक उदाहरण. तेथे काय शिकवले जाते, पैसा कुठून येतो आणि पुण्या-मुंबईहून जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे कितपत वाव आहे, याचा हा आढावा.

केंद्र कधी आणि कशासाठी सुरू झाले?

सिसॅकची स्थापना १९८३ ची. शीतयुद्ध पुन्हा तापले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी क्षेपणास्त्रे अवकाशातच रोखण्याची योजना जाहीर केली होती. ही योजना शक्य आहे का, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा होता. ती शहाणपणाची आहे का, हा राज्यशास्त्राचा. स्टॅनफर्डमधील चीनचे अभ्यासक जॉन लुईस आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ सिडनी ड्रेल यांनी दोन्ही प्रश्न एकाच छताखाली आणले. त्या वेळी केंद्राच्या नावात 'शस्त्रनियंत्रण' हा शब्द होता, शीतयुद्धानंतर त्याची जागा 'सहकार्य' या शब्दाने घेतली. केंद्राला दोन सहसंचालक असावेत, त्यांतील एक विज्ञान शाखेचा आणि दुसरा समाजशास्त्रांचा, हा प्रघात तेथे दीर्घकाळ चालत आला आहे. केंद्राची खरी ताकद या जोडीतच आहे.

लुईस यांचे स्वतःचे काम याचा चांगला नमुना आहे. चीनने १६ ऑक्टोबर १९६४ रोजी पहिली अणुचाचणी केली. तो बॉम्ब कसा बनला, याचा इतिहास लुईस आणि श्वे लिताय यांनी १९८८ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यासाठी त्यांनी प्रामुख्याने चिनी भाषेतील प्रकाशित साहित्य चिकाटीने वाचले. सुरक्षेचा अभ्यास म्हणजे गुपिते मिळवणे, हा समज येथेच निकालात निघतो. पुष्कळ काही उघड्यावर पडलेले असते. ते वाचण्यासाठी भाषा यावी लागते, विज्ञान कळावे लागते आणि घाई करून चालत नाही.

उत्तर कोरियाचे प्रकरण काय होते?

या केंद्राचे नाव जगभर पोहोचले ते उत्तर कोरियामुळे. जानेवारी २००४ मध्ये लुईस यांनी जुळवलेल्या एका बिनसरकारी शिष्टमंडळात सिगफ्रिड हेकर होते. हेकर हे धातुशास्त्रज्ञ. पहिला अणुबॉम्ब जिथे तयार झाला, त्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे ते १९८६ ते १९९७ या काळात संचालक होते. योंगब्योन येथील अणुकेंद्रात यजमानांनी त्यांच्या हाती काचेची बरणी दिली आणि आत प्लुटोनियम असल्याचे सांगितले. राजनैतिक अधिकाऱ्याला त्या बरणीतून काही बोध झाला नसता. हेकर यांनी तिचे वजन अजमावले, ती किंचित उबदार लागते का ते पाहिले आणि मोजक्या शब्दांत, अतिशयोक्ती टाळून अमेरिकी सिनेटपुढे साक्ष दिली.

पुढे हेकर स्टॅनफर्डमध्ये आले. नोव्हेंबर २०१० मध्ये ते, लुईस आणि रॉबर्ट कार्लिन पुन्हा योंगब्योनला गेले. या वेळी त्यांना युरेनियम समृद्धीकरणाचा आधुनिक कारखाना दाखवण्यात आला. तेथे २,००० सेंट्रिफ्यूज असल्याचे यजमानांनी सांगितले. असा कारखाना तयार स्थितीत असल्याचे तोवर जाहीरपणे कुणाला ठाऊक नव्हते. हेकर यांचा अहवाल काही दिवसांत केंद्रातर्फे प्रसिद्ध झाला आणि कुणालाही वाचता आला. सरकारे एकमेकांशी बोलत नसताना विद्यापीठातील माणसांना दार उघडले जाते, ते याच कारणाने. ती सरकारची माणसे नसतात, पण सरकारला त्यांचे म्हणणे ऐकावेसे वाटते. (पाहुण्यांना कारखाना दाखवण्यामागे प्याँगयांगचाही हिशेब होताच. अभ्यासकाचा निरोप्या म्हणून वापर होऊ शकतो, हा धोका अशा भेटींत कायम असतो.)

विद्यार्थी तेथे काय करतात?

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी २००० सालापासून 'ऑनर्स' कार्यक्रम आहे. विद्यार्थी संगणकशास्त्राचा असो, जीवशास्त्राचा की इतिहासाचा, निवड झाल्यास शेवटच्या वर्षी त्याने सुरक्षेशी निगडित प्रश्नावर स्वतंत्र प्रबंध लिहायचा. वर्ष सुरू होण्याआधी या मोजक्या विद्यार्थ्यांना वॉशिंग्टनला नेले जाते. धोरण ठरवणारी माणसे कशी विचार करतात, कोणत्या घाईत निर्णय घेतात, हे त्यांना तेथे जवळून दिसते. आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी निरनिराळ्या देशांची शिष्टमंडळे होऊन वाटाघाटींचा प्रयोगही करतात. आपल्या पटत नसलेल्या देशाची बाजू मांडावी लागणे, हा त्यातील सर्वांत उपयोगी भाग म्हणावा लागेल.

पीएच.डी. करणारे आणि नुकतीच पूर्ण केलेले संशोधक यांच्यासाठी पाठ्यवृत्ती आहेत. अणुधोरण, जैवसुरक्षा, सायबर, दहशतवाद हे नेहमीचे विषय. साप्ताहिक चर्चासत्रात आपला मसुदा मांडायचा आणि समोर बसलेल्या भौतिकशास्त्रज्ञापासून माजी राजदूतापर्यंत सर्वांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे, ही त्यांची खरी परीक्षा. १९८१ मध्ये शस्त्रनियंत्रणाच्या अशाच पाठ्यवृत्तीवर स्टॅनफर्डला आलेली कोंडोलिझा राइस नावाची तरुण अभ्यासक पुढे अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार आणि नंतर परराष्ट्रमंत्री झाली. १९९४ ते १९९७ या काळात संरक्षणमंत्री असलेले विल्यम पेरी त्याआधी याच केंद्राचे सहसंचालक होते आणि मंत्रिपदानंतर स्टॅनफर्डलाच परतले. सरकार आणि विद्यापीठ यांच्यातील ही ये-जा अमेरिकी व्यवस्थेचे वैशिष्ट्य आहे. तिच्यामुळे संशोधनाला वजन येते. पण उद्या ज्या मंत्रालयात बसायचे आहे त्याच्यावर आज किती कठोर टीका करायची, हा पेचही तिच्यातूनच निर्माण होतो.

'हॅकिंग फॉर डिफेन्स' हा काय प्रकार आहे?

नावात 'हॅकिंग' असले तरी येथे कुणाच्या संगणकात शिरायचे नसते. स्टीव्ह ब्लँक, पीट नेवेल, जो फेल्टर आदींनी २०१६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला. लष्कर किंवा गुप्तचर यंत्रणा आपली एखादी प्रत्यक्ष अडचण देते. विद्यार्थ्यांचा छोटा गट दहा आठवडे तिच्यामागे लागतो. पहिला नियम असा, की लगेच उपाय सुचवायचा नाही. आधी अडचण सोसणाऱ्या माणसांना भेटायचे, आठवड्याला सुमारे दहा आणि सत्र संपेपर्यंत शंभराच्या आसपास. बहुतेक वेळा मूळ अडचण कागदावर लिहिलेली नसून वेगळीच असल्याचे त्यांना कळते. रडार उपग्रहांच्या क्षेत्रातील 'कॅपेला स्पेस'चे संस्थापक याच वर्गातून गेले. हा अभ्यासक्रम आता अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत आणि ब्रिटनमध्येही शिकवला जातो. त्याच धाग्यावर २०२१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये 'गॉर्डियन नॉट सेंटर' उभे राहिले.

सिसॅक आणि हे नवे केंद्र यांच्यातील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. एक विचारते, हे शस्त्र असावे का? दुसरे विचारते, ते लवकर कसे मिळेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र पैसा आणि उत्साह सध्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळत आहे. अणुसुरक्षेच्या स्वतंत्र संशोधनाला वर्षानुवर्षे पैसा पुरवणाऱ्या मॅकआर्थर फाउंडेशनने २०२१ मध्ये या क्षेत्रातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. नेमक्या त्याच काळात अणुशस्त्रांच्या वापराची धमकी युरोपात पुन्हा ऐकू येऊ लागली.

लष्कराशी संबंध आणि विद्यापीठाचे स्वातंत्र्य, हे जमते कसे?

याचे उत्तर १९६९ मध्ये आहे. व्हिएतनाम युद्ध सुरू असताना एप्रिलमध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या उपयोजित इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत नऊ दिवस ठिय्या दिला. तेथे लष्करासाठी गोपनीय संशोधन चालत होते. या आंदोलनाची परिणती म्हणून विद्यापीठाने आवारातील गोपनीय संशोधन थांबवले आणि लष्करी कंत्राटे घेणारी संलग्न संस्था, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, १९७० मध्ये विद्यापीठापासून वेगळी झाली. संशोधन खुले असावे, त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध करता यावेत आणि नागरिकत्व पाहून कुणाला त्यातून वगळू नये, हे धोरण तेव्हापासून घडत गेले.

आज तेथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याचा या ठिय्याशी थेट संबंध आहे. अमेरिकी निर्यात नियमांनुसार संवेदनशील तंत्रज्ञानाची माहिती अमेरिकेतच एखाद्या परदेशी व्यक्तीला दिली, तरी ती त्या देशाला केलेली निर्यात धरली जाते. यातून सुटका आहे ती खुल्या, प्रकाशित होणाऱ्या मूलभूत संशोधनाला. अशा संशोधनावर शक्यतो बंधने नसावीत, हे तत्त्व १९८५ मध्ये रेगन प्रशासनानेच आदेशाद्वारे मान्य केले. म्हणजे संशोधन खुले असेल तर परदेशी विद्यार्थी खोलीत बसू शकतो. ते गोपनीय झाले की त्याला बाहेर जावे लागते.

हे स्वातंत्र्य अभेद्य मात्र नाही. समाजमाध्यमांवरील अपप्रचाराचा अभ्यास करणारी 'स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरी' २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्या कामावर संसदीय चौकशी आणि खटल्यांचे सावट आले आणि २०२४ पर्यंत प्रमुख संशोधक बाहेर पडून ती आक्रसली. तिला गप्प करण्यासाठी गोपनीयतेचा कायदा लागला नाही. वकिलांचा खर्च आणि मनस्ताप यांनी बरेचसे काम केले.

भारतीय विद्यार्थ्यांना संधी किती?

शिक्षण आणि संशोधनाची दारे बऱ्यापैकी उघडी आहेत. आंतरराष्ट्रीय धोरणाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम परदेशी विद्यार्थ्यांसाठी खुला आहे आणि त्यात सुरक्षा व सायबर धोरण हे विषय निवडता येतात. अभियांत्रिकीचा विद्यार्थीही सिसॅकच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम घेऊ शकतो किंवा संशोधन साहाय्यक होऊ शकतो. ऑनर्स कार्यक्रम मात्र स्टॅनफर्डमध्येच पदवी करणाऱ्यांपुरता मर्यादित आहे.

अडथळा पुढे, नोकरीच्या टप्प्यावर येतो. अमेरिकी सरकारच्या संरक्षण किंवा गुप्तचर खात्यांत काम करण्यासाठी सुरक्षा मंजुरी लागते आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे अमेरिकी नागरिकत्व आवश्यक असते. संरक्षण कंत्राटदार कंपन्यांतील बहुतेक जागांचेही तेच. भारतीय पदवीधरांसाठी उरतात विद्यापीठे, थिंक टँक, आंतरराष्ट्रीय संस्था आणि तंत्रज्ञान कंपन्यांचे सुरक्षा व धोरण विभाग. लाखोंचे शैक्षणिक कर्ज काढून जाणाऱ्यांनी हे गणित अर्जाआधी मांडलेले बरे. प्रवेशाच्या माहितीपत्रकातील माजी विद्यार्थ्यांच्या यशोगाथा बहुधा अमेरिकी नागरिकांच्या असतात.

एक नवी वाट भारत-अमेरिका संरक्षण सहकार्यातून निघते आहे. दोन्ही देशांतील संरक्षण नवउद्योगांना जोडणारा 'इंडस-एक्स' उपक्रम जून २०२३ मध्ये सुरू झाला आणि त्याची तिसरी परिषद सप्टेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या सहभागाने कॅलिफोर्नियात भरली. भारतात २०१८ पासून सुरू असलेल्या 'आयडेक्स' योजनेतही सैन्यदले आपल्या अडचणी नवउद्योगांपुढे ठेवतात. विद्यापीठाच्या वर्गात मात्र त्या अजून फारशा पोहोचलेल्या नाहीत.

पुण्यात असे केंद्र का होऊ नये?

यासाठी लागणारे जवळपास सगळे पुण्यात आहे. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, गिरीनगरला प्रगत संरक्षण तंत्रज्ञान संस्था, पाषाणला 'डीआरडीओ'ची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा आणि 'आयसर', शहरात लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाचा तळ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याच आवारात 'आयुका'सारखी संस्था. सेवानिवृत्त सेनाधिकाऱ्यांची तर या शहराला वाण नाही. तरीही भौतिकशास्त्र आणि सामरिकशास्त्र या दोन विभागांनी एकाच विद्यार्थ्याला मिळून मार्गदर्शन करावे, अशी रचना आपल्या विद्यापीठांत विरळाच. आपल्याकडे सामरिक संशोधनाचा मोठा भाग दिल्लीतील संस्थांत होतो. त्यांतील एक महत्त्वाची संस्था, १९६५ मध्ये स्थापन झालेली आणि आता मनोहर पर्रीकर यांचे नाव असलेली 'आयडीएसए', संरक्षण मंत्रालयाच्या निधीवर चालते.

दुसरी अडचण वातावरणाची. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आदेश काढला, की देशाची सुरक्षा, सीमा, ईशान्येकडील राज्ये, जम्मू-काश्मीर, लडाख अशा विषयांवर सरकारी विद्यापीठांना ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घेता येणार नाही. इतर परिषदांनाही पूर्वपरवानगी लागेल. विज्ञान अकादमींनी आक्षेप घेतल्यावर फेब्रुवारीत तो मागे घेण्यात आला. पण एखादा विभागप्रमुख पुढच्या वेळी परिषदेचा विषय ठरवताना असा आदेश विसरत नाही.

आणि कागद? जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले, ते स्वागतार्हच. तरी १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा, १९६३ मध्ये सादर झालेला हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला. गणेशखिंडीतल्या वसतिगृहात १९६२ वर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आजही त्याच प्रतीवरून संदर्भ घेतो.