सापडली खरी… पण घरी आणायची का?

डोंबिवलीत घर असून होस्टेलला राहणारा मी एकटाच असेन. आठ-सतराची लोकल एकदा पकडून बघा, कारण कळेल! पण आजचा विषय लोकलचा नाही, बंदुकीचा आहे. दचकू नका, परवाना असलेल्या बंदुकीचा.

दिवाळीत घरी माळा साफ करताना एका पत्र्याच्या पेटीत पिवळी पडलेली पावती सापडली. '०.३१५ बीएसए स्पोर्टिंग रायफल, एक नग' आणि खाली नंबर. आजोबांची! मुरबाडकडे आमची भातशेती होती आणि रानडुकरं काही सोडायची नाहीत, तेव्हाची ही गोष्ट. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आजोबांनी शिकार बंद केली. नंतर डोंबिवलीत आल्यावर रायफलचं काम एकच : महिन्यातून एकदा तेलपाणी, आणि निवडणूक आली की चादरीत गुंडाळून, रिक्षात घालून पोलीस ठाण्यात जमा. आजोबा म्हणायचे, "माझ्यापेक्षा हीच जास्त वेळा मतदानाला जाते."

हे सगळं मी बाबांकडून ऐकलेलं. २००४ साली आजोबा गेले, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. परवानाधारक गेला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम २१ सांगतं की ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. बाबांनी ते केलं, आणि मग राहूनच गेलं.

आता थोडा व्हायवा. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ सालची कंपनी. तुमच्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी चालवलेल्या बीएसए एसएलआर सायकलचं नाव तिथलंच, आणि कंपनीचं जुनं चिन्ह म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली! मग ०.३१५ हे विचित्र माप का? इंग्रजांच्या लष्कराचं काडतूस ०.३०३. ते भारतातल्या सामान्य माणसाच्या हाती पडू नये म्हणून ते माप नागरिकांना बंद. मग कंपनीने तीच ली-एनफील्डची यंत्रणा घेतली आणि तिला ऑस्ट्रियन मापाचं काडतूस बसवलं. झाली शिकारीची रायफल! पुढे आपल्या इशापूरच्या कारखान्यानेही याच मापाची रायफल बनवली. बर्मिंगहॅमचं उत्पादन मात्र कधीच बंद झालंय.

दस्ता अक्रोडाचा. हे लाकूड वजनाच्या मानाने मजबूत, धक्का सोसतं, सहसा तडकत नाही, वाकत नाही. बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, रिकामी पुंगळी बाहेर. पुढे ढकलली की नवीन काडतूस आत आणि शेवटच्या इंच-दीड इंचात स्प्रिंग ताणली जाते. साधी यंत्रणा, पण पाहत राहावी अशी. आपल्या मशीन डिझाइनच्या पुस्तकात ती का नाही, देव जाणे.

तर शोध सुरू झाला. पावतीवरचं दुकान बंद झालेलं. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, माल दुसऱ्या दुकानदाराकडे गेला. तिथे एक वयस्कर काका. त्यांनी जुनी वही काढली, बोट फिरवत फिरवत नंबर जुळवला, म्हणाले, "साहेब, उशीर केलात. पण आहे." लोखंडी कपाटातून रायफल काढली. लाकूड कोरडं, पांढरट पडलेलं. काकांनी बोल्ट मागेपुढे केला. खट्… खटाक्! बाबा बघतच राहिले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

काकांनी तीन वाटा सांगितल्या. बाबांनी वारस म्हणून परवाना काढायचा, कुणा परवानाधारकाला रीतसर विकायची, किंवा सरकारजमा करायची. चौथी वाट बाबांनी शोधली : कायमची निकामी करून भिंतीवर लावायची.

घरात यावर अजून वाद चालू आहे. माझं मत मी इथे मांडतो, कारण घरी माझं कोण ऐकतंय!

परवाना काढला तर रायफल तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत येणार. सुरक्षित कपाट हवं, प्रशिक्षणाचा दाखला हवा, नूतनीकरण आलं, निवडणुकीच्या रिक्षा आल्या. वापर शून्य. धाकटी बहीण सातवीत आहे आणि घराची प्रत्येक किल्ली तिला माहीत आहे. एवढंच कारण मला पुरेसं आहे.

निकामी करणं म्हणजे वेल्डिंग वगैरे करून ती पुन्हा कधी चालणार नाही असं करणं. पण मग तो बोल्ट हलणार नाही. बाबा ज्या आवाजाने गप्प झाले, तोच जाणार. मग भिंतीवर काय लटकवणार, लाकूड?

म्हणून माझं मत : नेमबाजी करणाऱ्या एखाद्या परवानाधारकाला ती विकावी. तो तेल घालेल, दस्त्याला अळशीचं तेल चोळेल, रेंजवर चालवेल. यंत्र चालतं राहील, मग ते आपल्या घरात नसलं तरी चालेल. बाबांना हे पटत नाही. "तुला आजोबा दिसलेच नाहीत, तुला काय कळणार," म्हणतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यांचं खरंच आहे. पण मला बहीणही दिसते ना!

मित्रहो, आणि स्टाफपैकी ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनाही एक विनंती. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, की त्याच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. नको असेल तर हयातीतच विकताही येतं. आजोबांना आजच विचारा, काय करायचं ते. आम्ही विचारलं नाही, म्हणून आता बाप-लेक भांडतोय.

येत्या रविवारी परत दुकानात जाणार आहोत. बाबांनी अळशीच्या तेलाची बाटली आणून ठेवलीय. विकायची असो वा नसो, लाकूड तसं कोरडं ठेवायचं नाही, यावर मात्र आमचं एकमत झालंय.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल