बाकडे नको, पाणी द्या

उज्जैन म्हटले की आपल्या गोव्याच्या माणसाची मान जरा ताठ होते. अठराव्या शतकात महाकालाचे देऊळ पुन्हा उभे केले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी, म्हणजे आपल्याच एका शेणव्याने. दान कसे असावे याचा दाखला म्हणून आपण ही गोष्ट सांगतो. सांगावीच. पण मंडळी, त्याच देवळाची दुसरी गोष्ट आपण विसरलो आहोत.

मेघदूतातला यक्ष मेघाला महाकालाकडे धाडतो, तेव्हा तिथल्या बागेचेही वर्णन करतो. गंधवती नदीवरचा, कमळांच्या परागांनी गंधाळलेला वारा ती बाग हलवत असतो. देव आणि बाग यांची फारकत कालिदासाने केली नाही. ती आपण केली.

११ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘महाकाल लोक’च्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. २८ मे २०२३ च्या वादळात तिथल्या सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती कोसळल्या. फायबरच्या होत्या! आता २०२८ चा सिंहस्थ येतो आहे. तो भरतो ऐन उन्हाळ्यात (मागचा २०१६ च्या एप्रिल-मे महिन्यांत झाला). माळव्याच्या त्या उन्हात यात्रेकरूला मूर्तीपेक्षा सावली आधी लागते, आणि सावली उद्घाटनाच्या आदल्या दिवशी उभी करता येत नाही. गोव्याहूनही माणसे जातील, अभिषेकाच्या पावत्या फाडतील. त्या पावतीशेजारी एका झाडाची, निदान त्याच्या तीन वर्षांच्या पाण्याची पावती फाडायला काय हरकत आहे?

उज्जैनला नावे ठेवून आपण सुटत नाही. आपल्याकडे बागेला देणगी म्हणजे सिमेंटचे बाकडे आणि त्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. बाकड्यावर नाव कोरता येते, माळ्याच्या पगारावर येत नाही. म्हणून बाकडी वाढतात आणि हिरवळ वाळते.

‘बाग हे सरकारचे काम, आम्ही कर भरतो’ हा आक्षेप मला पाठ आहे. अर्धा खराही आहे. पण मी सरकारी कचेरीत फाइली हाताळतो. नवे बांधकाम असले की मंजुरीला पाय फुटतात. देखभाल म्हटली की तीच फाइल टेबलावर झोपते. देणगी लागते ती इथे. सरकारला मोकळे सोडायला नव्हे, तर देणगीदार म्हणून हिशेब मागायला. पुण्याची एम्प्रेस गार्डन शंभराहून अधिक वर्षे अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळत आली आहे. म्हणजे हे स्वप्नरंजन नाही.

मग द्यावे कसे? एकट्याने एकरकमी देण्यापेक्षा वाड्यावरच्या वीस घरांनी दरमहा थोडे द्यावे. रक्कम नोंदणीकृत न्यासाकडेच द्यावी आणि पावती घ्यावी. संस्थेला आयकराची मान्यता असली तर जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला सूट मिळते, मात्र दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. मोठी रक्कम आली तर मुद्दल ठेवीत ठेवून व्याजावर माळी ठेवावा. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने आठवड्याचे दोन तास द्यावेत. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि पर्यावरण त्यात बसते. त्यांच्या दारी अर्ज घेऊन जावे, पण बाकडी मागू नयेत.

हे आपल्याला परके नाही. देवस्थानचे महाजन वर्गणी देतात, हिशेबावर भांडतात आणि उत्सव दरवर्षी होतो. आपल्या गावकाऱ्यांनी बांध राखले, सत्तरीतल्या गावांनी देवराया राखल्या. कुणाच्या नावाची पाटी तिथे नव्हती.

सुखटणकरांचा अभिमान जरूर बाळगा. पण त्यांनी स्वतःचे दिले होते. आपण नुसते त्यांचे नाव सांगत बसलो, तर त्याला दान म्हणत नाहीत.